सामू मोजणारा प्रकाशतंतू

हळदीचा डाग पडलेले धोतर साबणाने धुतले की डाग निघण्याऐवजी तांबडा होतो, आणि तेच धोतर भरपूर पाण्यात खळबळून वाळत घातले की तो पुन्हा पिवळा दिसू लागतो, हा घरोघरचा अनुभव आहे. हळदीला चुन्याची जोड देऊन कुंकू करतात तेही याच गुणावर. हळदीतील रंगद्रव्य विम्ल पदार्थाच्या संगतीत तांबडे होते व विम्लता गेली की मूळ रंगावर येते. जास्वंदीच्या पाकळ्यांचा रसही असाच बोलका आहे. त्यात लिंबू पिळले तर तो लाल होतो आणि सोड्याचे पाणी घातले तर हिरवट पडतो. अशा रंगद्रव्यांस रसायनशास्त्रात दर्शक म्हणतात. हा दर्शक काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या केसासारख्या तंतूवर बसवून, त्याचा रंग डोळ्याने न पाहता प्रकाशाकडून वाचून घ्यावयाचा, अशी आम्लता मोजण्याची एक रीत गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत पुढे आली आहे. 'शेतात रोवा आणि सामू वाचा' अशा उपकरणांविषयी गावोगाव विचारणा होऊ लागली असल्याने, ही रीत मुळात काय आहे, ती कोठे उपयोगी पडते आणि कोठे पडत नाही, हे गावपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी व शेतकरी बंधूंनी समजून घेणे अगत्याचे आहे. एक पूर्णांक चुकीचा वाचला गेला तर त्यापायी एकरी टनांच्या हिशेबाने जिप्सम वाया जाऊ शकते, किंवा जेथे ते टाकावयास हवे तेथे न टाकल्याने चांगली जमीन हातची जाऊ शकते.

सामू म्हणजे काय

आम्लता मोजण्याचे जे माप आपण सामू या नावाने ओळखतो, ते डेन्मार्कमधील कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत काम करणारे रसायनशास्त्रज्ञ सोरेन सोरेन्सेन यांनी 1909 साली सुचविले. ही प्रयोगशाळा मद्यार्क गाळणाऱ्या नव्हे, तर बिअर तयार करणाऱ्या कारखान्याची होती. आंबवण्याच्या क्रियेत आम्लतेचे महत्त्व फार असल्याने नेमके माप हवे होते. सामू 7 म्हणजे आम्लही नाही आणि विम्लही नाही अशी उदासीन स्थिती. 7 च्या खाली आम्लता वाढत जाते व वर विम्लता वाढत जाते.

येथे एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात राहत नाही. सामूचा एक अंक म्हणजे एकाने फरक नव्हे, दहापट फरक. सामू 6 असलेल्या द्रावणापेक्षा सामू 5 असलेले द्रावण दहापट आम्ल असते, आणि सामू 4 असलेले शंभरपट. म्हणून साडेसात आणि साडेआठ यांत 'एकाचाच तर फरक' असे म्हणून चालत नाही. कोकणातील जांभ्या जमिनींचा सामू साधारणपणे 7 च्या खाली असतो, कारण तेथील मुसळधार पावसाने चुनखडीसारखी विम्ल द्रव्ये धुऊन नेलेली असतात. देशावरील काळ्या जमिनींत चुनखडी टिकून राहते, त्यामुळे त्यांचा सामू साडेसातापासून साडेआठापर्यंत आढळतो. कालव्याखाली वर्षानुवर्षे पाणी जास्त झालेल्या चोपण जमिनीत तो साडेआठाच्याही वर जातो. सामू असा वर गेला की लोह व जस्त पिकाला मिळेनासे होते. उसावर व भुईमुगावर केवडा पडतो, पान पिवळे पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, आणि शेतकरी त्यास नत्राची उणीव समजून युरिया देत बसतो.

डोळ्याची व काचेची परीक्षा

मातीचा सामू पाहण्याची जुनी रीत दर्शकाचीच होती. परीक्षानळीत थोडी माती, ऊर्ध्वपातित पाणी आणि दर्शकाचे थेंब घालावयाचे व आलेला रंग तक्त्याशी ताडून पाहावयाचा. काळ्या मातीत ही परीक्षा अडते, कारण पाणी तासन्‌तास गढूळ राहते व रंग दिसतच नाही. म्हणून त्यात बेरियम सल्फेटची पांढरी भुकटी घालतात. तिच्या योगे चिकणमातीचे कण खाली बसतात आणि वरचे पाणी निवळते. तरीही रंग ओळखणे हे शेवटी पाहणाऱ्याच्या डोळ्यावर आणि त्या वेळच्या उजेडावर अवलंबून राहते. सकाळी हिरवा वाटलेला रंग दुपारी पोपटी वाटतो. अर्ध्या अंकापर्यंतचा अंदाज या रीतीने बरा येतो, त्यापुढे नाही.

दुसरी रीत काचेच्या विद्युदग्राची. विशिष्ट प्रकारच्या पातळ काचेच्या एका बाजूस ठरावीक सामूचे द्रावण व दुसऱ्या बाजूस परीक्षेचे द्रावण असले की दोहोंमध्ये सूक्ष्म विद्युद्दाब निर्माण होतो, आणि त्या दाबावरून सामू कळतो. हे तत्त्व विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ठाऊक झाले होते. पण तो विद्युत्प्रवाह इतका क्षीण असतो की त्या काळच्या यंत्रांनी तो मोजणे मोठे कष्टाचे होते. ही अडचण सुटली ती शेतमालामुळेच, हे सांगण्याजोगे आहे. कॅलिफोर्नियातील लिंबूवर्गीय फळे पिकवणाऱ्या बागायतदारांच्या सहकारी संघात लिंबाच्या रसाची आम्लता मोजावयाची होती. रस टिकावा म्हणून त्यात गंधकाचा डाय-ऑक्साइड मिसळलेला असे. त्यामुळे लिटमसचा रंग उडून जाई, आणि हायड्रोजनचे विद्युदग्रही निकामी होई. संघाच्या रसायनतज्ज्ञाने आपली अडचण अर्नोल्ड बेकमन या आपल्या जुन्या सहाध्यायाकडे नेली. बेकमन यांनी 1934 साली निर्वात नळ्यांचे विवर्धक यंत्र जोडून क्षीण प्रवाह वाढविण्याची युक्ती केली, आणि सामूमापक यंत्र जन्मास आले. आज प्रत्येक मृदपरीक्षण प्रयोगशाळेत असणारे यंत्र याच वंशातले आहे.

काचेच्या विद्युदग्राचे गुण मोठे आहेत. 2 पासून 10 च्या पुढेपर्यंत ते सरळ माप देते, आणि दर्शकाप्रमाणे त्याचा रंग उडण्याचा प्रश्न नसतो. परंतु ते नाजूक आहे. चिखलात खुपसले तर फुटते, कोरडे ठेवले तर बिघडते, त्याला पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणाने भरलेला जोडीदार लागतो, आणि जवळ मोटारपंप चालू असेल तर विजेच्या खळबळीने त्याचा आकडा डळमळू शकतो. अमुक खोलीवर, अमुक ठिकाणी महिनाभर बसवून ठेवावे, असे ते साधन नव्हे. प्रकाशतंतूचा विचार पुढे आला तो या अडचणींतून.

प्रकाशाचा पाट

प्रकाश सरळ रेषेत जातो हे शाळेत शिकवतात. मग तो वाकड्या तंतूतून कसा जातो? विहिरीत बुडी मारून वर पाहिले असता सरळ डोक्यावरचे आकाश दिसते, पण तिरके पाहिले तर पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा चकाकतो व त्यात विहिरीचाच तळ व काठ दिसतात. पाण्यातून अति तिरका आलेला प्रकाश हवेत निसटू शकत नाही. तो पुरता उलटून पाण्यातच येतो. यास पूर्ण आंतरिक परावर्तन म्हणतात. दाट माध्यमातून विरळ माध्यमाकडे जातानाच हे घडते. जिनीव्हाचे दानिएल कोलादों यांनी 1841 च्या सुमारास, आणि लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जॉन टिंडल यांनी 1854 साली, पडणाऱ्या पाण्याच्या धारेतून प्रकाश धारेबरोबर वळत जातो हे लोकांना प्रत्यक्ष दाखविले.

पाण्याच्या धारेऐवजी काचेचा तंतू घेतला म्हणजे प्रकाशतंतू झाला. यात गाभा दाट काचेचा व त्यावरील वेष्टन किंचित विरळ काचेचे असते. गाभ्यात शिरलेला प्रकाश भिंतीवर आपटत, पण भिंत न ओलांडता, दुसऱ्या टोकाला पोचतो. या शास्त्राच्या उभारणीत पंजाबातील मोगा येथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांचा वाटा मोठा आहे. 1954 साली लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्यासह त्यांनी अशा तंतूंच्या जुडग्यातून चित्र एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे नेऊन दाखविले. 2020 मध्ये ते निवर्तले. 2021 मध्ये भारत सरकारने त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण दिले. दूरध्वनीचे संदेश आज ज्या तारांतून धावतात त्या याच जातीच्या आहेत.

आता या तंतूचा आम्लतेशी संबंध कसा लावावयाचा? शेतकऱ्याला पाटाचे उदाहरण पुरे आहे. पाटाचे पाणी दोन्ही काठांच्या आत राहूनच पुढे जाते हे खरे, पण काठालगतची थोडी माती ओली होतेच. प्रकाशाचेही तसेच आहे. तो गाभ्याच्या आत राहतो असे आपण म्हणतो. तथापि भिंतीवर परावर्तन होताना त्याचा अत्यल्प अंश पलीकडे डोकावून परत फिरतो. हा पाझर किती खोल जातो? केसाच्या जाडीच्या शंभराव्या हिश्श्याइतकाही नाही. पण पाटाच्या काठावर तहानलेले पीक असले तर तो पाझर पिऊन टाकते आणि शेवटच्या शेतकऱ्याकडे पाणी कमी पोचते. त्याचप्रमाणे तंतूच्या एखाद्या भागावरील वेष्टन काढून तेथे दर्शकाचा पातळ थर बसविला, तर दर्शक आपल्या रंगानुसार त्या पाझरातला प्रकाश शोषतो आणि दुसऱ्या टोकाला कमी प्रकाश निघतो. किती कमी निघाला यावरून दर्शकाचा रंग, आणि रंगावरून सामू. ज्यास प्रकाशवाहकाचा संवेदक म्हणतात तो हाच. तंतूऐवजी काचेच्या चपट्या पट्टीतूनही प्रकाश असाच खेळवता येतो.

या रचनेत आपल्या दृष्टीने एक मोठी सोय आहे. प्रकाश मातीत शिरतच नाही. भिंतीलगत जेमतेम डोकावतो. त्यामुळे द्रावण गढूळ आहे की निवळ, काळे आहे की तांबडे, याचा फारसा अडथळा होत नाही. बेरियम सल्फेट घालून निवळण्याची वाट पाहण्याचे कारण उरत नाही.

दुसरी रचना याहून सोपी आहे. तीत दर्शक तंतूच्या कडेवर न बसविता टोकावर बसवितात. एका तंतूने प्रकाश न्यावयाचा, टोकावरच्या दर्शकावरून तो उलटून दुसऱ्या तंतूने परत यावयाचा. अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत जॉन पीटरसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 साली प्रसिद्ध केलेला संवेदक असा होता, आणि या विषयातील पुढचे पुष्कळ काम त्याच्यावरून निघाले. तो शेतीसाठी नव्हता. रक्ताचा सामू शिरेतच मोजता यावा म्हणून होता. त्यात फिनॉल रेड हे दर्शक बारीक कणांवर बांधून, ते कण पाणी व आम्ल आत येऊ देणाऱ्या पण कण बाहेर न सोडणाऱ्या पातळ नळीत भरले होते. सबंध सुईची जाडी अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी होती.

साक्षीदार रंग

शेवटच्या शेतकऱ्याला पाणी कमी पोचले म्हणजे काठावरच्या पिकानेच ते प्यायले, असे कोणी शपथेवर सांगू शकत नाही. वर धरणातून कमी सुटले असेल, पाटात गाळ साचला असेल, कोणी मधेच दार फोडले असेल. प्रकाशाच्या बाबतीतही दिवा मंदावला, तंतू जास्त वाकला किंवा टोकावर घाण बसली तरी प्रकाश कमीच येतो. मग सामू बदलला की दिवा मंदावला, हे ओळखावयाचे कसे?

पीटरसन यांच्या संवेदकात याचे उत्तर दोन रंगांचे होते. फिनॉल रेड विम्ल स्थितीत हिरवा प्रकाश शोषते, पण तांबड्या प्रकाशाला सहसा हात लावत नाही. म्हणून दोन्ही रंग एकाच वाटेने पाठवावयाचे. दिवा मंदावला तर दोन्ही कमी होतील. सामू बदलला तर एकटा हिरवा बदलेल. हिरव्याला तांबड्याने भागून जे गुणोत्तर येते त्यावरून सामू काढावयाचा. ज्या मापकात असा साक्षीदार रंग नाही, त्याच्या आकड्यावर विश्वास ठेवण्यापूर्वी दोनदा विचार करावा. काही मापकांत रंगाऐवजी दर्शकाच्या चकाकण्याचा, म्हणजे एका रंगाचा प्रकाश घेऊन दुसऱ्या रंगाचा सोडण्याच्या गुणाचा, उपयोग करतात. तेथेही साक्षीदाराचे तत्त्व हेच राहते.

उणिवा

या साधनाची स्तुती करणारे त्याच्या उणिवा क्वचितच सांगतात. पहिली उणीव अशी की एक दर्शक सामूच्या दोन-अडीच अंकांपलीकडे काम करीत नाही. ब्रोमोथायमॉल ब्ल्यू 6 पासून साडेसातपर्यंत पिवळ्याचे निळे होते; साडेपाचला ते पिवळेच आणि साडेआठला निळेच. म्हणजे कोकणातील भातखाचरासाठी केलेला संवेदक बारामतीच्या उसाच्या मळ्यात आंधळा ठरेल. काळ्या जमिनीस क्रेसॉल रेडसारखे, सव्वासात ते पावणेनऊ या टापूत रंग बदलणारे दर्शक हवे. अनेक दर्शकांचे मिश्रण करून टापू वाढविता येतो, पण मग बारकावा कमी होतो. मापक विकत घेणाऱ्याने विक्रेत्यास पहिला प्रश्न हाच करावा की हा कोणत्या अंकापासून कोणत्या अंकापर्यंत खरा आहे.

दुसरी उणीव टिकाऊपणाची. दर्शक थरातून हळूहळू पाण्यात उतरत जाते, आणि सततच्या उजेडाने विटते, जसे धुऊन व उन्हात वाळवून लुगड्याचे होते. कॅलिफोर्नियातील लिंबाच्या रसाने लिटमसचा रंग उडाला तसा एखाद्या रसायनाने याचाही उडू शकतो. थर पक्का बसविला तर दर्शक सुटत नाही, पण बाहेरचे आम्लही आत लवकर पोचत नाही व उत्तर यावयास वेळ लागतो. थर पातळ केला तर उत्तर लवकर येते, पण थर टिकत नाही. ही ओढाताण अजून पुरती मिटलेली नाही.

तिसरी उणीव आपल्याकडे सर्वांत जाचक आहे. द्रावणात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण बदलले की त्याच सामूला दर्शकाचा रंग थोडा निराळा दिसतो. प्रयोगशाळेत क्षारांचे प्रमाण सारखे राखून ही चूक टाळता येते. शेतात काय करणार? पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाण पट्ट्यात, निरा व प्रवरेच्या कालव्याखालील पाणथळ जमिनींत, कोकणातील खार जमिनींत किंवा गोव्याच्या खाजनात क्षारांचे प्रमाण बांधागणिक व ऋतुगणिक बदलते. म्हणजे जेथे सामूची गरज अधिक, तेथेच हे साधन अधिक घसरते. तपमानानेही थोडा फरक पडतो, पण तो दुरुस्त करणे तितके अवघड नाही.

रोवलेल्या मापकाचा आकडा व प्रयोगशाळेचा आकडा

समजा, संवेदक अगदी अचूक आहे. तरीही शेतात ओल्या मातीत मिळालेला आकडा प्रयोगशाळेच्या आकड्याशी जुळेलच असे नाही, आणि त्यात दोघांचीही चूक नसते. आपल्याकडील प्रयोगशाळांत सामान्यतः एक भाग मातीस अडीच भाग पाणी, म्हणजे 20 ग्रॅम मातीस 50 मिलिलिटर, असे मिश्रण करून सामू पाहतात. चुनखडीच्या व चोपण जमिनीत पाणी जितके जास्त मिसळावे तितका सामू वर चढतो. शेतातल्या वाफशावरील मातीत पाणी थोडे असते, शिवाय मुळांच्या श्वसनाने कार्बन डाय-ऑक्साइड कोंडलेला असतो व तोही सामू खाली ओढतो. त्यामुळे तीच माती शेतात कमी व प्रयोगशाळेत जास्त दाखवू शकते. खताच्या व सुधारकांच्या शिफारशींचे तक्ते ठरावीक पद्धतीच्या आकड्यांवर बसविलेले आहेत. रोवलेल्या मापकाचा आकडा घेऊन तो तक्त्यात शोधणे म्हणजे शेराच्या मापाने घेऊन किलोच्या भावाने पैसे देणे होय.

भाताच्या खाचरात तर याहून मोठा फरक पडतो. आम्ल जमिनीत पाणी साठून काही आठवडे झाले की तिचा सामू आपोआप उदासीनतेकडे चढतो, आणि पाणी आटले की पुन्हा उतरतो. कोकणातील शेतकऱ्याने आवणानंतर चिखलात घेतलेला आकडा पाहून 'आपल्या जमिनीस चुना नको' असे ठरवू नये. त्याच जमिनीत भातानंतर वाल किंवा भाजीपाला घ्यावयाचा असेल, तर त्या पिकाला कोरड्या दिवसांतील आम्लताच सोसावी लागते.

जिप्समचा निर्णय

साडेआठाच्या आसपासच्या जमिनींत सर्वांत अधिक नुकसान होते, म्हणून येथे थोडे विस्ताराने लिहितो. क्षारयुक्त जमीन आणि चोपण जमीन या दोन निराळ्या व्याधी आहेत. क्षारयुक्त जमिनीत विद्राव्य क्षार जास्त असतात. पृष्ठभागावर पांढरा थर येतो, सामू बहुधा साडेआठाच्या आत असतो, आणि तिचा उपाय म्हणजे चर काढून निचरा करणे व चांगल्या पाण्याने क्षार धुऊन काढणे. चोपण जमिनीत मातीच्या कणांना सोडियम चिकटलेला असतो. पाणी मुरत नाही, ओली असता चिकट व वाळली की दगडासारखी होते, सामू साडेआठाच्या वर असतो. तिला जिप्सम लागते, कारण जिप्सममधील कॅल्शियम सोडियमची जागा घेतो आणि सुटलेला सोडियम निचऱ्याच्या पाण्याबरोबर निघून जातो. निचरा नसेल तर तो जाणार कोठे?

क्षारयुक्त जमिनीत जिप्सम टाकणे हा केवळ खर्च आहे. उलट, चोपणाची सुरुवात झालेल्या जमिनीस 'आकडा आठ आला, काही बिघडले नाही' म्हणून तसेच सोडले तर पुढे ती नांगराला दाद देत नाही. आपल्या भारी काळ्या जमिनींत सामू साडेआठाच्या आत असतानाही चोपणाचे अवगुण दिसू लागतात, हे विशेष लक्षात ठेवावे. म्हणून जिप्समचा निर्णय एकट्या सामूवर, मग तो कितीही नव्या साधनाने मोजलेला असो, कधीही घेऊ नये. विद्राव्य क्षार, विनिमयक्षम सोडियम व जिप्समची गरज हे तिन्ही आकडे प्रयोगशाळेतून मागवावेत. 2015 पासून सुरू असलेल्या मृद आरोग्य पत्रिकेत सामू व विद्युतवाहकता असते, परंतु विनिमयक्षम सोडियमची तपासणी वेगळी सांगून करून घ्यावी लागते.

बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या, दोन धातूंच्या दांड्या असलेल्या व विजेरीही न लागणाऱ्या मापकांचा येथे उल्लेख करणे भाग आहे. त्यांचा प्रकाशतंतूशी काहीही संबंध नाही. दोन निराळे धातू ओल्या मातीत खुपसले की थोडी वीज उत्पन्न होते, काटा त्या विजेने हलतो. त्यावर मुख्य परिणाम ओलाव्याचा आणि क्षारांचा. याची परीक्षा सोपी आहे. एका कुंडीतील मातीत तो रोवून काटा पाहावा. मग तांब्याभर पाणी घालून पुन्हा पाहावा. मातीचा सामू तेवढ्यात फारसा बदलत नाही, पण काटा सरकतो. अशा काट्यावर भरवसा ठेवून कोणी चुन्याच्या किंवा जिप्समच्या गोण्या उचलू नयेत.

मग उपयोग कोठे

जेथे द्रावण पाण्याचे आहे, क्षार फारसे बदलत नाहीत आणि एका क्षणाच्या आकड्यापेक्षा दिवसभरातील चढउतार महत्त्वाचा आहे, तेथे प्रकाशाचा मापक काचेच्या विद्युदग्राला मागे टाकू शकतो. जीवाणूंची वाढ करणाऱ्या कारखान्यांच्या बंद टाक्यांत असे मापक वापरात आहेत. हरितगृहातील पोषक द्रावणाचा सामू साडेपाच ते साडेसहाच्या दरम्यान ठेवावा लागतो, आणि हा टापू एका दर्शकात बसतो. मुरघासाच्या खड्ड्यात चारा नीट आंबत असेल तर सामू 4 च्या जवळ उतरतो. खड्डा न उघडता हे कळले तर हवा शिरून चारा नासण्याचे टळेल. ठिबकच्या नळ्यांतील चुन्याचा थर काढण्यासाठी आम्ल सोडतात, तेथेही नळीच्या शेवटच्या टोकाला आम्ल पोचले की नाही हे पाहण्यास अशी सुई सोयीची होईल. तंतूतून वीज वाहत नसल्याने पाण्यात धक्क्याचे भय नाही व पंपाच्या विजेचा उपद्रवही नाही.

मुळांच्या अभ्यासात तर या शास्त्राने जे दाखविले ते पूर्वी अनुमानानेच सांगावे लागे. दर्शकाचा थर दिलेली पारदर्शक पट्टी मुळांशी लावून, मुळांभोवतीचा सामू चित्रासारखा पाहण्याची पद्धत जर्मनीतील संशोधकांनी 2007 साली प्रसिद्ध केली. मुळाभोवतीच्या मिलिमीटर-दोन मिलिमीटर मातीचा सामू बाकीच्या मातीहून निराळा असतो आणि तो दिवसरात्र बदलत राहतो. पिकाने अमोनियाच्या रूपातील नत्र घेतले की मूळ आम्ल सोडते व लगतची माती आम्ल होते. नायट्रेट घेतले की उलट होते. हरभऱ्याच्या पानावरची आंब आपण फडक्याने टिपून घेतो, तशीच आंब त्याची मुळेही मातीत सोडतात, आणि चुनखडीत अडकलेले स्फुरद सोडवून घेतात. चुनखडीच्या जमिनीत अमोनियम सल्फेट युरियाहून सरस का ठरते, याचेही कारण बरेचसे या मुळालगतच्या मिलिमीटरभर पट्ट्यात आहे.

शेततळ्यात मासे पाळणाऱ्यांना याचा उपयोग तातडीचा आहे. तळ्यातील शेवाळ दिवसा कार्बन डाय-ऑक्साइड शोषून घेते, त्यामुळे सामू दुपारनंतर चढतो आणि रात्री उतरतो. हिरव्यागार झालेल्या तळ्यात सकाळचा साडेसात संध्याकाळी 9 च्या वरही जातो. पाण्यात खाद्य कुजून अमोनिया साठलेला असेल, तर सामू एका अंकाने चढला की त्यातील विषारी भाग सुमारे दहापट होतो. एकदाच, सकाळी, आकडा घेणाऱ्याला सर्व ठीक दिसते आणि मासे मात्र संध्याकाळी वर येऊन तोंडे उघडतात. म्हणून तळ्याचा सामू सूर्योदयाच्या वेळी व दुपारी तीन-चारच्या सुमारास असा दोनदा घ्यावा. बसवून ठेवता येण्याजोगा प्रकाशमापक हाती नसेल तर द्रवरूप दर्शकाच्या थेंबांचा संचही येथे चालतो, कारण तळ्याचे पाणी मातीच्या मिश्रणाइतके गढूळ नसते. फक्त रंग सावलीत, पांढऱ्या कागदासमोर धरून पाहावा.

कोणताही मापक, काचेचा असो वा प्रकाशाचा, वापरण्याच्या दिवशी ज्ञात सामूच्या द्रावणांत तपासून घ्यावा. सामू 4, 7 व 9.2 ची द्रावणे करण्याच्या पुड्या रसायनांच्या दुकानांत मिळतात. एक पुडी ऊर्ध्वपातित पाण्यात सांगितलेल्या प्रमाणात विरघळवून झाकणाच्या बाटलीत ठेवावी व बाटलीवर तारीख लिहावी. ज्या टापूत मोजावयाचे त्याच्या दोन्ही बाजूंची द्रावणे घ्यावीत: काळ्या जमिनीसाठी 7 व 9.2, कोकणासाठी 4 व 7. वापरलेले द्रावण पुन्हा बाटलीत ओतू नये. प्रकाशाच्या मापकाची सुई काम झाल्यावर स्वच्छ पाण्याने धुऊन अंधारात ठेवावी, आणि दर आठवड्यास त्याच द्रावणात तिचा आकडा किती सरकला याची वहीत नोंद करावी. आकडा अर्ध्या अंकाहून अधिक सरकू लागला की टोक बदलण्याची वेळ झाली असे समजावे.